वैऱ्याला उदंड आयुष्य

हिनोकुरा गावात कुरोसे तामेकिची यांच्या दीर्घायुष्यासाठी सर्वांत जास्त प्रार्थना कुणी केली असेल, तर ती त्यांच्या बायकोने नव्हे, मुलानेही नव्हे, इसोए काजितानीने. अठ्ठावीस वर्षं तिने एक दिवस चुकवला नाही. कामावर जाण्याआधी ती देवळाच्या एकशे बारा पायऱ्या चढायची, घंटेचा दोर हलवायची, दोनदा टाळी वाजवायची आणि मनात म्हणायची, "कुरोसेला अठ्ठ्याऐंशी पुरी करू दे. मध्येच नेऊ नकोस. मला तो हवा आहे."

हे शेवटचं वाक्य ऐकून देवाने काय समजून घेतलं असेल ते देव जाणे. त्याने मागणं मात्र मान्य केलं.

इसोए आता सहासष्ट वर्षांची होती. अंगाने बुटकी, खांद्याने रुंद, आणि आवाज असा की खिंडीच्या पलीकडे लाकूड तोडणारा माणूसही ऐकून थांबावा. गावाच्या सार्वजनिक स्नानगृहात गरम पाण्याचे चार लाकडी हौद आहेत. त्यांची ती मुकादम. झऱ्याचं पाणी देवळामागच्या खडकातून उकळतच बाहेर पडतं. त्यात गार पाणी मिसळायचं नाही, मिसळलं तर पाण्याचा गुण जातो. म्हणून बायका लांब फळ्या घेऊन हौदाभोवती उभ्या राहतात आणि पाणी फटके मारून निववतात. तरीही ते चटका देणारंच असतं. आत उतरलेल्या माणसाने हलायचं नाही. हललं की पाणी चावतं. तीन मिनिटं बसायचं आणि मुकादम सांगेल तेव्हाच उठायचं. मध्ये मध्ये मुकादम हाक देते आणि पाण्यातले सगळे एका सुरात "ओऽ" म्हणतात. ज्याचा "ओ" आला नाही तो शुद्धीवर नाही असं धरायचं, त्याला बखोटीला धरून बाहेर ओढायचं आणि डोक्यावर गार पाणी ओतायचं. यात लहानथोर नाही. एकदा पोलीस ठाण्याचा प्रमुख विचारात गढून गेला आणि उत्तर द्यायला विसरला, तर इसोएने त्यालाही लंगोटीवर फरशीवर आणून टाकला होता.

"अहो बाई, मी ठीक होतो!" तो ओरडला.

"ठीक असणारा बोलतो," इसोए म्हणाली आणि दुसरी बादली ओतली.

स्नानगृहाच्या भिंतीवर आजवरच्या मुकादमांच्या नावांच्या लाकडी पाट्या एका ओळीत टांगलेल्या आहेत. पहिली सोहेईची, धुराने इतकी काळी पडलेली की अक्षरं बोटाने चाचपून वाचावी लागतात. मग आणखी पाच. सातव्या जागी नुसता खिळा. आठवी मिनोसुकेची, नववी इसोएची. नवख्या माणसाला तो रिकामा खिळा दिसायचा नाही. इसोएला गेली एकोणचाळीस वर्षं दुसरं काही दिसलं नव्हतं.

तो खिळा तिच्या वडिलांचा, तोकुजी काजितानीचा.

तोकुजी एकोणीस वर्षं मुकादम होता. त्याच्या अखेरच्या हिवाळ्यात हौदांचं पाणी एकाएकी कमी पडू लागलं. सांधेदुखीची माणसं लांबून बर्फातून यायची आणि गुडघाभर कोमट पाण्यात बसून शिव्या घालायची. झऱ्याजवळ पाणी वाटण्याची एक लाकडी पेटी आहे. तिला ठरल्या मापाची भोकं आहेत, एक सार्वजनिक हौदांचं, बाकीची एकेका सराईची. तोकुजी रोज बर्फ उकरून ती पेटी तपासायचा. भोकं जशीच्या तशी होती आणि पाणी मात्र नव्हतं.

सराईवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष तेव्हा कुरोसे तामेकिची होते. वय एकोणपन्नास, कुरोसेया या सगळ्यांत मोठ्या सराईचे मालक. त्याच वर्षी त्यांनी बागेत पाहुण्यांसाठी मोठं नवं कुंड बांधलं होतं. देवळाच्या सभागृहात गाव जमला. कुरोसे उभे राहिले आणि फार दुःखाने बोलले. म्हणाले, तोकुजी हल्ली फार पितो. पेटीकडे त्याचं लक्ष नाही. पाणी आटलेलं नाही, माणूस आटला आहे.

तोकुजी सणाला दोन पेले घेणारा माणूस. त्याने तोंड उघडलं, पण पाणी कुठे गेलं हे त्यालाही सांगता येईना. माहीत नसलेल्या गोष्टीचं उत्तर देणार कसं? तो गप्प राहिला. गावाने त्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. कुरोसेंनी स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली आणि त्याच्या हातात दिली. तोकुजीने ती कोटाच्या आत घालून घरी आणली आणि मुलीला म्हणाला, "पुसून ठेव, ओली झालीय."

त्यानंतर दोन हिवाळे तो जगला. रोज न चुकता फावडं घेऊन पेटीपाशी जायचा आणि भोकांना बोटं लावून बघायचा. शेवटी तिथेच बर्फात बसलेला सापडला.

नऊ वर्षं गेली; हौदांचं पाणी हळूहळू पुन्हा वाढलं आणि गावाने श्रेय नव्या मुकादमाला दिलं. एका वसंतात देवळामागची दरड खचली. इसोए तेव्हा फळ्या मारणाऱ्या बायकांत होती. पेटी शाबूत आहे का बघायला तिला वर पाठवलं. पेटी शाबूत होती. तिच्या बुडाखालून मात्र मनगटाएवढी करड्या प्लॅस्टिकची नळी निघालेली दिसत होती आणि ती उघड्या पडलेल्या मातीतून सरळ कुरोसेयाच्या बागेकडे उतरत होती.

इसोएने वाकून त्या नळीवरून हात फिरवला. मग खाली गेली, करवत घेऊन वर आली आणि वीतभर तुकडा कापून कमरेच्या पट्ट्यात खोचला. दुपारपर्यंत कुरोसेंची माणसं येऊन बाकीची नळी उपटून घेऊन गेली होती. "जुनं गटार होतं," कुरोसे सगळ्यांना म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळचं."

गटारात गंधक साठत नाही. इसोएच्या हातातल्या तुकड्यात गंधकाची पिवळी खपली आतून अंगठ्याइतकी जाड चढली होती आणि भोक जेमतेम करंगळी जाईल एवढंच उरलं होतं. हिनोकुरात प्रत्येक घर पानगळीच्या दिवसांत आपापल्या नळ्या खरवडतं. किती खपली चढायला किती वर्षं लागतात हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. इसोएने खपलीचे थर, वर्षाला एक, नखाने मोजले. अकरा भरले. अकरा वर्षांपूर्वीच कुरोसेंनी नवं कुंड बांधलं होतं.

नवरा म्हणाला, "चल, आत्ता जाऊ मंडळात."

"मंडळात कोण बसलंय?"

"कुरोसे."

"मग?"

नवऱ्याने पायात चढवलेले जोडे पुन्हा काढून ठेवले. तो सुतार होता, भला माणूस होता. इसोएने तुकडा फडक्यात गुंडाळून वडिलांच्या पाटीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती देवळाच्या पायऱ्या चढू लागली.

कारण गावात एक रीत आहे. गावचा माणूस अठ्ठ्याऐंशीचा झाला की त्या शरदातल्या उत्सवात त्याला सार्वजनिक हौदात पहिल्या स्नानाचा मान. तो जगात कुठेही राहत असो, त्या दिवशी घरी येतोच. त्याने मुकादमाच्या तीन हाका पाण्यात बसून घ्यायच्या, आपल्या पायांनी बाहेर यायचं आणि पहिलं ओगराळंभर पाणी देवाच्या बादलीत ओतायचं. ज्याला ओढून काढावं लागलं त्याचा मान गेला. पुन्हा संधी नाही. आणि त्या दिवशीची दुसरी हाक साधी नसते. मुकादम जुन्या मुकादमांची नावं एकेक करून घेते आणि पाण्यातल्यांनी प्रत्येक नावाला "ओ" द्यायचा असतो.

कुरोसे स्वतःच्या संगमरवरी कुंडात नहायचे. लोकांच्या हौदात त्यांनी कधी पायाचं बोट बुडवलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मात्र त्यांना यावंच लागणार होतं. उघड्या अंगाने. इसोएच्या हाकेखाली.

त्यासाठी आधी तिला मुकादम व्हायला हवं होतं. आठव्या मुकादमाची, मिनोसुकेची, पाठ कामातून गेली तेव्हा तिने अर्ज केला. मंडळातले काही जण बाईमाणूस म्हणून कुरकुरले. गंमत अशी, की तिची बाजू कुरोसेंनीच घेतली. "बापाचं पाप मुलीच्या माथी नको," ते म्हणाले, आणि सगळ्यांना त्यांचा मोठेपणा वाटला. इसोएने कमरेत वाकून आभार मानले. पुढच्या पंचवीस उत्सवांत तिने सहावं नाव घेतलं, श्वास गिळला आणि आठवं घेतलं. पंचवीस वेळा स्वतःच्या तोंडाने बापाला गाळलं. तेही तिने कुरोसेंच्याच नावावर लिहून ठेवलं.

कुरोसे पुढे कारभार शूसाकु नावाच्या मुलाला देऊन शहरात लेकीकडे राहायला गेले. इसोए दर हिवाळ्यात त्यांना गंधकाच्या भुकटीची पुडी, सुकवलेली आळंबी आणि पाठीला लावायचं मलम पाठवायची. त्यांना न्यूमोनिया झाला त्या वर्षी तिने पायऱ्या दिवसातून दोनदा चढल्या.

फळ्या मारणारी मात्सुयो तिला चिडवायची. ही तिची चाळीस वर्षांपासूनची जोडीदारीण, जिभेला हाड नाही. "काय गं, एवढी काळजी? त्याच्याशी लग्न करायचं राहून गेलं की काय?"

"तो मेला तर माझं नुकसान आहे."

"म्हणजे मृत्युपत्रात नाव आहे तुझं?"

"असंच काहीसं," इसोए म्हणाली.

आणि शेवटी तो शरद उजाडला. उत्सवाच्या आदल्या दिवशी कुरोसे बसमधून उतरले तेव्हा अर्धा गाव थांब्यावर होता. अठ्ठ्याऐंशीच्या मानाची पिवळी जाड बंडी आणि पिवळी टोपी त्यांना तिथेच चढवली गेली. ते काठी टेकत सगळीकडे फिरले, वाफाळते बन खाल्ले, देवळाला पायथ्यावरूनच नमस्कार केला आणि संध्याकाळी शूसाकुला घेऊन स्नानगृहात आले. म्हातारा वाळला होता, पण पाठ ताठ होती. इसोएने नजरेने त्यांना वरपासून खालपर्यंत तपासलं, जसा आचारी बाजारात मासा तपासतो.

"तू तोकुजीची ना?" कुरोसे म्हणाले. "तुझ्या पुड्या मिळतात हो. चांगली मुलगी आहेस."

"तब्येत कशी आहे आपली? छाती?"

"छाती लोखंडाची आहे. डॉक्टर नको म्हणत होता, पण मी म्हटलं, हा मान सोडायचा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण उद्या जरा बेताने हं. मला काय तू तीन मिनिटं उकडणार नाहीस ना?"

"आपल्यासाठी चारशे फटके आहेत, कुरोसे-सान. इतरांना तीनशे."

"वा! बापापेक्षा शहाणी निघालीस."

शूसाकु हसला. इसोएही हसली. ते गेल्यावर तिने हौदाची कड इतकी जोरात घासली, की मात्सुयो म्हणाली, "अगं, लाकूड आहे ते, खवल्यांचा मासा नाही."

उत्सवाचा दिवस निरभ्र होता. स्नानगृहाच्या चारी भिंतींना माणसं चिकटून उभी. पुजारी पांढऱ्या कपड्यांत कोरी बादली घेऊन दाराशी. मानाच्या हौदाच्या कडेला इसोएने सकाळी तो नळीचा तुकडा उभा करून त्यात लांब गवताचे रुपेरी तुरे खोचून ठेवले होते.

"हे काय?" मात्सुयोने नाक मुरडलं. "सणासुदीला गटाराच्या नळीत फुलं?"

"असू दे. जुनी आहे."

बायकांनी फळ्या उचलल्या. मात्सुयो गाण्याच्या चालीत मोजू लागली. शंभर. दोनशे. वाफेला गंधकाचा उग्र वास होता. तीनशेला इसोएची फळी थांबली आणि तिच्याबरोबर सगळ्यांच्या थांबल्या.

हा क्षण तिने अठ्ठावीस वर्षं मनात घोळवला होता. आता नुसतं "बास" म्हटलं की झालं. तीनशे फटक्यांचं पाणी तरण्या माणसाला सोसतं. अठ्ठ्याऐंशीच्या छातीला नाही. म्हातारा दुसऱ्या हाकेच्या आत कलंडला असता. मोजायला चुकले, कोण काय म्हणणार होतं? पण कलंडलेला माणूस काही ऐकत नाही. लोक त्याच्यासाठी रडतात, त्याचा फोटो देवळात लावतात. आणि तोकुजी काजितानीच्या हौदात एकोणीस वर्षांत कुणी मेलं नव्हतं.

"काय झालं?" मात्सुयो पुटपुटली.

"मार," इसोए म्हणाली. "पाचशेपर्यंत. त्याला अगदी धडधाकट राहू दे."

पाचशेला पाणी तयार झालं. कुरोसे उतरले; एका बाजूला शूसाकु, दुसऱ्या बाजूला मंडळाचे नवे अध्यक्ष ओगुशी, आणखी दोघे. मानकऱ्याची जागा ठरलेली असते. त्या जागी बसलेल्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, हौदाची ती कड येते जिथे नळी उभी होती.

"अंग स्थिर!" इसोएने पहिली हाक दिली.

"ओऽ!"

कुरोसेंचा आवाजही त्यात होता, खणखणीत. पाणी सोसवतंय हे कळून त्यांचा चेहरा सैल झाला. ते समाधानाने इकडेतिकडे बघू लागले. तुऱ्यांकडे बघितलं. मग तुऱ्यांखालच्या नळीकडे. तिच्या तोंडाशी पिवळी खपली होती, अंगठ्याइतकी जाड.

त्यांनी मान वर करून इसोएकडे बघितलं. एवढ्यासाठी ती थांबली होती. तिने दुसरी हाक सुरू केली.

"सोहेई!"

"ओऽ!"

एकेक करून सहा नावं झाली. सहाव्या नावाला कुरोसेंचा "ओ" घशातल्या घशात आला. इसोएने दर वर्षीप्रमाणे श्वास घेतला. या वेळी गिळला नाही.

"तोकुजी काजितानी!"

भिंतीपाशी कुजबूज झाली. पाण्यातल्यांना मात्र विचार करायला सवड नसते. मुकादमाने हाक दिली की तोंड आपोआप उघडतं. शूसाकु, ओगुशी, दोघे जण, सगळ्यांनी "ओऽ" दिला. चारच आवाज होते.

"मानकऱ्यांचा आवाज आला नाही," इसोए म्हणाली. "तोकुजी काजितानी!"

कुरोसेंचे ओठ घट्ट मिटलेले. पाणी त्यांच्या हनुवटीशी किंचित थरथरत होतं.

"बाबा, ओ द्या ना!" शूसाकु कुजबुजला.

"मानकरी बोलत नाहीत. शुद्ध गेलेली दिसते. ओगुशी-सान, काखेत हात घाला. शूसाकु-सान, तुम्ही पाय धरा."

"मला काही झालेलं नाही!" कुरोसे ओरडले.

"ठीक असणारा उत्तर देतो, कुरोसे-सान."

हे वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. ओगुशींनी काखेत हात घातला. संपूर्ण गावासमोर, लंगोटीवर, प्रेतासारखं उचललं जाणं आणि देवाच्या बादलीत पाणी न पडणं हे सारं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम उतरलेलं इसोएला दिसलं.

"ओ," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही. तोकुजी काजितानी!"

"ओ!"

"दाराशी उभे आहेत त्यांना ऐकू जात नाही. तोकुजी काजितानी!"

"ओऽऽ!" कुरोसे तामेकिची किंचाळले आणि त्यांचा आवाज छताच्या तुळयांना लागून परत आला.

इसोएने शांतपणे आठवं नाव घेतलं. मग तिसरी हाक दिली, "बाहेर या!", आणि स्वतः पुढे होऊन म्हाताऱ्याला हात दिला. ते आपल्या पायांनी बाहेर आले. ओगराळंभर पाणी देवाच्या बादलीत पडलं. रीतीत काही उणं राहिलं नाही.

मग तिने कमरेच्या पट्ट्यातून वडिलांची पाटी काढली. "आपण काढली होती. आपणच लावा."

स्टूल आधीच मांडलेलं होतं. शूसाकुने कमरेला धरलं आणि म्हातारा ओल्या अंगाने वर चढला. खिळ्याला दोरी अडकवायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, कारण इसोए वाटेत उभी होती.

"पण हे आज का?" ओगुशींनी विचारलं.

इसोएने तुरे काढून बाजूला ठेवले आणि नळी त्यांच्या हातात दिली. "कुरोसेयाच्या बागेत निघालेलं जुनं गटार. आत बघा."

ओगुशींनी बघितलं, बोट घातलं, नखाने खपली खरवडली. मग नळी शेजारच्याला दिली. ती हातोहात भिंतीभोवती फिरली. मोजताना ओठ तेवढे हलत होते. नळी शूसाकुपर्यंत आली तेव्हा त्याने आत बघितलं, मग बापाकडे बघितलं, आणि कमरेचा आधार काढून घेतला.

सगळे देवाच्या बादलीच्या मिरवणुकीमागे देवळाकडे गेले. कपडे बदलायच्या खोलीत कुरोसे पिवळी बंडी मांडीवर घेऊन एकटेच बसले होते. इसोएने त्यांच्यापुढे सातूचा गार चहा ठेवला. स्नानानंतर तो द्यायचाच असतो.

"पाणी गरम ठेवायला हवं होतंस," ते म्हणाले. "मी तिथेच संपलो असतो."

"म्हणून तर पाचशे मारले."

त्यांनी मांडीवरच्या बंडीची घडी नीट केली. "आता मी कुठे जाऊ? इथे तोंड दाखवायला जागा नाही. शूसाकु लेकीलाही सांगेल."

"सांगू दे. माझे वडील दोन हिवाळे तसेच राहिले. आपली छाती लोखंडाची आहे, आपण जास्त राहाल." तिने चहाचा पेला त्यांच्या हाताजवळ सरकवला. "प्या. घाम फार गेलाय. नव्व्याण्णवीलाही मान असतो, कुरोसे-सान. अकराच वर्षं उरली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने म्हातारा गेला. थांब्यावर सोडायला कुणी नव्हतं.

ती बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा इसोए देवळाच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. मात्सुयो धापा टाकत मागून आली. काल तिलाही सगळं कळलं होतं. "आता कशाला चढलीस? झालं की तुझं काम."

इसोएने घंटेचा दोर हलवला आणि दोनदा टाळी वाजवली.

"काय मागितलंस?"

"तेच," इसोए म्हणाली. "उदंड आयुष्य."

मग ती खाली उतरली. हिवाळा तोंडावर आला होता, आणि शहरात पाठवायच्या पुडीसाठी गंधक अजून वाळत घालायचं होतं.